बाबांनी स्वतःवर घेतलेलं मत

प्रिय लोवेना,

दर रविवारी फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला हे जमलं नसतं.

शिंपल्यांचं काम मी बंद केलं, हे तुला सांगितलं नव्हतं. मार्चमध्येच नदीतले शिंपले वाढवायचे दोर उपसून टाकले. पूर्वी संध्याकाळी प्लीमथच्या बोटीवर चढवलेला माल सकाळी फ्रान्समध्ये तुमच्या रोस्कॉफला उतरायचा. आपल्या नदीतले जिवंत शिंपले तिकडे आता तसेच घेत नाहीत. आधी शुद्ध पाण्यात ठेवा, मग दाखला, मग शिक्का. तोवर निम्मे मरतात. हल्ली मी लोकांच्या बोटी रंगवायला जातो. पाठ दुखते, बाकी ठीक. पबमध्ये युरोपातून बाहेर पडण्यावरून वाद तोच आहे, फक्त आवाज बसलेत. परवा म्हातारा पास्को म्हणाला, "आपण जिंकलो होतो ना रे? मग तसं वाटत का नाही?"

सार्वमताच्या निकालानंतरचा तो रविवार तुला आठवतोच. तू एर्वानला आणि मुलांना घेऊन जेवायला आली होतीस. मी बटाटे वाढत होतो. तू म्हणालीस, "या घरात बाहेर पडायचं मत कुणी दिलं, ते माझ्या नवऱ्याच्या तोंडावर सांगा." बाबांनी सुरी खाली ठेवली. "मी दिलं." "मग आमची मुलंही तुम्हाला परकीच," असं म्हणून तू उठलीस. एर्वान बिचारा त्यांच्याशी हात मिळवायला थांबला, तर त्यालाही ओढून नेलंस.

तेव्हापासून तू मला सगळं विचारतेस, त्यांच्याबद्दल सोडून. तुझा फोन आला की बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. मी फोन ठेवला की एवढंच विचारतात, "पाऊस आहे का म्हणाली तिकडे?" दर नाताळला मुलांना कार्ड पाठवतात. उत्तर आलं नाही की म्हणतात, "टपालालाही आता कागदपत्रं लागत असतील." आणि स्वतःच हसतात. मला नाही हसू येत.

लोवेना, ते मत माझं होतं. बाबांनी राहायच्या बाजूने मत दिलं होतं, तुझ्यापायी. मी का तसं दिलं, ते आता मलाच नीट सांगता येत नाही. आपलं कुणी ऐकत नाही, याचा राग होता. कुणावर, तेही पुसट झालंय. त्या दिवशी तुमची गाडी गेल्यावर मी मोरीपाशी त्यांना विचारलं, "असं का केलंत?" ते ताटल्या धूत होते. म्हणाले, "माझ्यावर रुसली तर माझ्यापुरतं संपेल. तुझ्यावर रुसली तर माझ्यामागे तुम्हाला एकमेकांशिवाय आहे कोण? आणि हे तिला कधी सांगायचं नाही." मी हो म्हणालो. खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. दर रविवारी तू मला "तूच एक शहाणा" म्हणायचीस आणि मी ते ऐकून घ्यायचो. आठ वर्षं.

आता मी तो शब्द मोडतोय, कारण बाबांचं फुप्फुस गेलंय. डॉक्टरीण म्हणाली, तीन आठवडे, फार तर चार. तुला कळवू नको म्हणतात. "उगाच तिची धावपळ," म्हणतात, आणि दारात गाडी वाजली की उशीवरून मान उचलतात. मुलांना आता इकडे यायला पासपोर्ट लागतो, नुसतं ओळखपत्र चालत नाही. त्याला वेळ लागणार असेल तर त्यांच्यासाठी थांबू नकोस, तू एकटी ये. मी धक्क्यावर गाडी घेऊन उभा असेन. माझ्याशी बोलू नकोस. पुढे बसायचं नसेल तर मागे बस. पण ये.

अजूनही तुझाच भाऊ, तू ठेवलंस तर,
जॅगो