गुळगुळीत पान

११ जानेवारी
गेलं एकदाचं छापायला! गोंडीचं ब्रेल पुस्तक — वीरेशच्याच प्रेसमध्ये. ठिपके उठवायचंही तोच बघणार. आमच्या अंधशाळेत सगळे म्हणायचे, “मॅडम, मराठी ब्रेल हाय की, त्यातच शिकवा.” पण सोमी आत्राम किनवटहून आली तेव्हा ‘पाणी’ म्हटलं की गप्प. ‘येर’ म्हटलं की खुदकन हसायची! तिच्या बोलीतला घशात थटणारा एक आवाज मराठी ब्रेलमध्ये बसेना. त्याची खूण आम्ही दोघींनी ठरवली.

१९ जानेवारी
वीरेशला नमुना मागितला.
“हात लावू नको, ठिपके दबतील. गठ्ठे बांधून ठेवलेत.”
खरंच आहे. प्रूफ?
“तुझ्या पानांवरून मी स्वतः ताडून बघितलं. नवऱ्यावर भरवसा न्हाई का?”
आहे ना. लग्न झाल्यापासून हाच वाचून देतो — औषधाच्या बाटल्या, विजेचं बिल, बसच्या पाट्या.

२ फेब्रुवारी
किनवटला प्रकाशन. हार, भाषणं, टाळ्या. सोमीनं उभं राहून वाचलं, एकदाही न अडखळता. मग कुणीतरी एक प्रत माझ्या हातात दिली.
गुळगुळीत.
पान उलटलं. गुळगुळीत. शेवटपर्यंत!
शेजारचे गुरुजी म्हणाले, “काय सुबक ठिपके आलेत, मॅडम! काळेभोर!”
शाईचे. नुसते शाईचे ठिपके. आणि मी हसून मान डोलावली.

३ फेब्रुवारी
वीरेशला जाब विचारला.
“अगं, तारीख ठरली होती. ठिपके उठवायचं मशीन आपल्याकडं हाय का? बाहेरगावी लई वेळ लागला असता. पाहुण्यांना काय कळतंय!”
म्हणजे कळणार होतं ते फक्त मला. आणि ज्यांच्यासाठी केलं त्या पोरांना.
“नंतर सांगणारच होतो.”
“कधी?”
प्रेसची किल्ली घेऊन बाहेर पडला.

५ फेब्रुवारी
सोमीला विचारलं, “कोऱ्या पानावर काय वाचलंस गं?”
“वीरेशकाकांनी सांगितलं — पाठ म्हण, बोट फिरव.”
“मग मला का नाही सांगितलंस?”
“तुमाला माहीत असंल वाटलं. काका तुमचे डोळे हायेत ना, बाई?”
वर्गात मीच सांगायची तसं. कौतुकानं!

६ फेब्रुवारी
आजवर आणखी काय काय वाचून दाखवलं असेल त्यानं?

९ फेब्रुवारी
दुधाच्या पिशवीवरची तारीख वीरेशनं वाचली. तो गेल्यावर तीच पिशवी शेजारच्या शिवकन्याताईंकडून वाचून घेतली. तारीख बरोबर होती. लाज वाटली. तरी उद्याही ताईंना विचारणार.

१२ फेब्रुवारी
पुन्हा ब्रेलची पाटी आणि टोच्या. पोरांना प्रती काढायला बसवलं. नेहमीसारखं — उजवीकडून डावीकडे, अक्षरं उलटी टोचायची. कागद पालटला की सुलट लागतात. पण हातानं एक प्रत व्हायची कधी? दुपारपर्यंत पोरांची बोटं दुखली. माझीही.
सोमी भावाच्या लग्नाला गावी गेली. ते गुळगुळीत पुस्तकही घेऊन गेली. आईला दाखवायला!

१५ फेब्रुवारी
वीरेश म्हणतो, “अजून किती दिवस तोंड फुगवून राहणार?”
माहीत नाही.

२ मार्च
सोमी आली. आल्या आल्या पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं. “बघा बाई!”
खरखरीत. प्रत्येक पान!
पोरगी कोऱ्या पानावर बोट घासते आणि तिला काही लागत नाही, हे तिच्या आईनं पाहिलं. बाभळीचा काटा घेतला. दिसेल त्या काळ्या ठिपक्यात खुपसला, शेवटच्या पानापर्यंत. समोरून टोचल्यामुळे मागं सगळं उलटं उठलंय.
“चालतंय की,” सोमी म्हणाली, “पाटीवर आपण उलटंच लिवतो.”
पुस्तक घरी आणलं. उजवीकडून बोट टेकवलं. येर — पाणी. रोन — घर. कुठं भोक पडलंय, कुठं ठिपका वाकडा. पण सगळं आहे. आमची ती खूणसुद्धा.
आतून वीरेशचा आवाज — “काय वाचून राहिलीस?”
“काही नाही. कोरंच आहे.”