दादाची जिन्यावरची तालीम

प्रिय चिमणे,

तुझ्या दादानं एकदाचं मनावर घेतलंय. रजा मंजूर झाली आणि पुढच्या महिन्यात डोंगरातल्या महादेवाला जायचं पक्कं ठरलं. आईंची ही इच्छा शेवटपर्यंत राहून गेली, हे तुला मी वेगळं काय सांगू! ती आपल्या हातून पुरी व्हावी म्हणून तो अगदी इरेला पेटलाय. ओट्यापासून दारापर्यंत लोकरीचे मोजे, कानटोप्या, औषधं असा पसारा मांडून ठेवलाय. त्यातून वाट काढत मी स्वयंपाक करते.

चढण झेपावी म्हणून तालीमही चालू आहे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस आता रोज संध्याकाळी जिन्यानं थेट गच्चीपर्यंत जातो. ओझ्याची सवय व्हावी म्हणून पाठीवर हत्यारांची पिशवी. झालं! लिफ्टवालाच हत्यारं घेऊन जिना चढतोय म्हटल्यावर सगळ्या इमारतीनं लिफ्ट बंद पडली असं गृहीत धरलं. वरच्या मजल्यावरचे आजोबा धापा टाकत चढले, कुणीतरी ‘बंद आहे’ असा कागद चिकटवला आणि तक्रार गेली थेट दादाच्याच कंपनीत. त्यांनी दुरुस्तीला पाठवलं कुणाला? त्यालाच! धडधाकट लिफ्टसमोर बिचारा कपाळाला हात लावून उभा. मी तर हसून हसून बेजार झाले.

हसता हसता तुझी आठवण आली. तू असतीस तर त्याची काय फिरकी घेतली असतीस! इकडे पाऊल टाकणं तू बंद केलंस, त्यामागचा राग मला कळतो. आई गेल्या तेव्हा तू प्रवासात होतीस आणि त्यानं तुझी वाट न बघता सगळं उरकलं. लोक घाई करत होते, तो गांगरला होता, पण मी त्याची वकिली करत नाही. चुकलंच त्याचं. तेही त्याला ठाऊक आहे. फोनवर तुझा नंबर काढतो, बघत बसतो आणि फोन ठेवून देतो. मी विचारलं की विषय बदलतो.

आता खरं सांगते. मी जाणार नाहीये. परवा डॉक्टरांनी माझं हृदय तपासलं आणि इतक्या उंचीवर जायला साफ मनाई केली. काळजी करू नकोस, गोळ्या चालू आहेत. पण हे त्याला कळलं तर तो बेतच मोडेल आणि त्याला एकट्याला पाठवायला माझा जीव धजत नाही. माझ्या जागी तू जा. त्याला माफ कर असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. फक्त रविवारी घरी ये, तुझ्यासमोरच मी त्याला सगळं सांगेन. डोंगरात तू दमशील, मागे पडशील. पडलीस तर धावू नकोस गं. या वेळी तो थांबेल.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच वहिनी