मांजर, माझी छाती आणि अथमानची वरात

४ जुलै
सकाळपासून शिंका. डोळे लालभडक. बायको सोमोए म्हणते, अहो, मांजरामुळं होतंय. सोमोएनं स्वतःच मासळीची डोकी घालून ते पांढरं ऐतखाऊ घरात आणलं आणि आता मलाच अक्कल शिकवते! असो. एकोणीसला मुलाचं, अथमानचं लग्न. वरातीपुढं झुमारी, म्हणजे आमची सनई, मी वाजवणार. अख्ख्या लामू बेटावर माझ्यासारखा दमदार फुंकणारा दुसरा नाही.

७ जुलै
रियाज. झुमारीपेक्षा जास्त शिट्ट्या छातीतूनच. झुमारीच्या तोंडातली जिभली खराब असणार. सोमोएचा भाऊ कोम्बो म्हणाला, दाजी, जिभली झकास आहे, आणा इकडं, वाजवून दाखवतो. दिली नाही. जाळी ओढणाऱ्याच्या हातात झुमारी! हॅ!

९ जुलै
सोमोएनं दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीण नैरोबीकडची, कालची पोर. म्हणे, नाक आणि छाती एकच वाट. मांजरामुळं वर शिंका येतात, खाली दमा उठतो. दोष केसांचा नाही म्हणे, मांजराच्या लाळेचा आणि कातडीच्या कोंड्याचा. केस फक्त ते घरभर पोचवतात. मांजर बाहेर काढा, पंप रोज ओढा, ऊद जाळू नका. लामूत लग्न आणि ऊद नाही! मी बोट लावून दाखवलं: बाई, हे नाक, ही छाती, मध्ये केवढं अंतर. ती हसलीसुद्धा नाही. या लोकांना विनोद कळत नाही.
पंप कपाटात टाकला. दमा दुबळ्यांना होतो.

१२ जुलै
तरीही निश्चय: मांजर हद्दपार. पोत्यात घातलं, होडीनं शेला गावी नेऊन सोडलं. घरी येऊन मोकळा श्वास घेतला. घ्यायचा होता, जमला नाही. वारा दमट आहे.

१३ जुलै
नाखवा दारात, काखेत मांजर. म्हणाला, शे चाचा, मांजर विसरलात की शेल्यात! वर सोमोएनं त्याला हलवा दिला. बेटभर गाढवंच जास्त, हे खरं.

१६ जुलै
लग्नाचा कांझू, माझा पायघोळ झगा, ऊदावर चढवला. निखारे, वर वेताची टोपली, टोपलीवर कांझू. एवढ्या धुरापुढं मांजराची काय टाप! मलाच खोकला आला. म्हणजे धूर अस्सल.

१८ जुलै
सोमोए म्हणते, निखारे विझले की मांजर त्या उबदार टोपलीवर, तुमच्या कांझूतच झोपतं. मी कांझू निरखून पाहिला. पांढराशुभ्र. एक केस दिसला नाही. ती म्हणते, अहो, पांढऱ्यावर पांढरा केस दिसेल कसा? वाद घालायची हौसच फार.

१९ जुलै, लग्नाची सकाळ
कांझू अंगात. काय सुवास! डोळे थोडे चुरचुरतात. आनंदाश्रू.

२० जुलै
झालं असं, की किल्ल्याच्या कोपऱ्यापर्यंत उत्तम वाजवलं. मग छातीचं दार कुणी लोटून घेतल्यासारखं झालं. आत येईना, बाहेर जाईना. भिंतीला टेकलो. अथमान वरात सोडून पळत आला, जरीच्या कपड्यांत धुळीत बसला. बाबा, श्वास घ्या ना, म्हणत होता. रडत होता. नवरदेवानं रडावं? मूर्ख पोरगा. मला तेव्हा खरोखर भीती वाटली, की याचं लग्न मी बघणार नाही.
सोमोएनं बुरख्यातून पंप काढला. सकाळपासून घेऊन फिरत होती म्हणे. माझ्यावर काडीचाही विश्वास नाही! ओढला. थोड्या वेळानं हवा आली.
तोवर कोम्बोनं झुमारी उचलली होती. वरात पुढं गेली. मला हातगाडीवर घालून मागून नेलं, पोत्यासारखं.
मांडवात म्हातारे बकारीउस्ताद भेटले. त्यांना हल्ली दिसत नाही. माझा हात धरून म्हणाले, शे, इतकी वर्षं तुझं वाजवणं आम्ही सोसलं रे, पण आज किल्ल्यापासून पुढं जे वाजवलंस, ते ऐकून कान निवले.
मी नम्रपणे आभार मानले.