कणगीवालीची भाकरी

पण आबा, तुम्ही तिचं नाव का विचारून ठेवलं नाही? तुम्ही तेव्हा चार वर्षांचे होता हे कळतं मला. तरी मोठेपणी कुणाला तरी विचारायचं. आता गावात दगड बसतोय. निजामाशी लढाई लागली त्या साली हद्दीपलीकडून बंदुका घेऊन आलेल्यांनी आपल्या गावात जी माणसं मारली, त्यांची नावं त्यावर कोरणार आहेत. तुमच्या वडलांचं आहे. तिचं नाही. मी इथून, मोरबीच्या टाईल्सच्या कारखान्यातून, तात्यांना फोन केला. तुमचाच धाकटा लेक. म्हणतात, "नावच न्हाई तर कोरायचं काय? आन् ती कुठं आपल्या गावची? तू तिकडं टायली भाज. हितं शिकलेली मानसं हायेत."

दर वर्षी, ती माणसं मारली त्या दिवशी, प्रत्येक घर आपल्या मेलेल्या माणसाची भाकरी खळ्यावर ठेवतं. तुम्ही दोन ठेवायचा. दुसरी कुणाची, असं मी लहानपणी विचारलं, तर तुम्ही मला धरून उकिडवं बसवलंत. "आशी बसली हुती ती." आपल्या अंगणात धान्याची कणगी विणायला आलेली परगावची बाई. बंदूकवाल्यांची घोडी आल्याचा गलका झाला तसं तिनं तुम्हाला अर्ध्या विणलेल्या कणगीत बसवलं, वर फोकांचा भारा टाकला आणि बाहेरून विणतच राहिली. फटीतून तुम्हाला तिचे हात दिसतायत. मग दिसत नाहीत. "अर्ध्या दिसाची आई माझी," म्हणालात, आणि पुन्हा कधी त्यावर बोलला नाहीत. तिथंच चुकलं तुमचं.

तुमच्यामागं आई ठेवते दोन भाकरी. आता तात्या म्हणतात, दगड बसला की भाकरी बंद, कुत्री गोळा होतात, बरं दिसत नाही. आई म्हणते, "भावजींपुढं मी काय बोलू?" सुट्टी मागितली तर शेठ म्हणतो, भट्टी कोण बघणार. मी तात्यांशी भांडायचं ठरवूनच फोन लावला होता, आबा. शेवटी "बरं" म्हणालो आणि ठेवला. तुमच्याशी भांडणं सोपं, तुम्ही उलटून बोलत नाही. हा कागदही कुठं टाकणार, पत्र्याच्या पेटीत राहील. दगडाची वर्गणी घरटी हजार आहे, ती तर द्यावीच लागेल. उरतील त्याचं ज्वारीचं पीठ आण म्हणून आईला सांगितलंय, तात्या मळ्यात गेले की दुसरी भाकरी ठेव म्हणून. एक हजार पन्नास पाठवतोय.