मूठभर मीठ

तीर्थरूप आबांना,
पॅरिसहून तुमच्या पूर्वीचा नमस्कार. मी बरी आहे, थंडीसाठी हातमोजे घेतलेत.

आमच्या स्वयंपाकशाळेच्या भिंतीवर थोर आचाऱ्यांच्या तसबिरी आहेत. सरांनी विचारलं, "तू कोणाकडे शिकलीस?" म्हटलं, "आईकडे. पनवेलची लग्नं तिनेच रांधली."

"चमचा कनाला, मूठ हाय ना," म्हणायची आई. तशीच मूठ भरून कालवणात मीठ घातलं, तर सगळं खारट झालं! तिचं मीठ आपल्या मिठागरातलं, जाड खड्यांचं. इथलं पिठासारखं बारीक, मुठीत जास्त मावतं. सगळे हसले. मीही हसले, मग कोठीत जाऊन रडले.

वेळेवर जेवता ना? आपलं मिठागर बुजवून तिथे आता कंटेनर उभे आहेत. आई गेली तेव्हा बरणीत अर्धं मीठ होतं. ते संपलं असेल, तर मला कळवू नका.

तुमची लेक,
पूर्वी