मंठ्यातलं नेट सिंगापूरला कसं जातं

मंठा

प्रिय अवधूत,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घर जागेवर आहे, मीही जागेवर आहे. दिवाळीत मी पुण्याला यायला नकार दिला आणि तू तणतणत निघून गेलास, तेव्हापासून आपलं बोलणं ‘बरा आहे’ आणि ‘ठीक’ एवढ्यावर आलंय. फोनवर तिसरा शब्द सुचेपर्यंत दोघांपैकी कुणीतरी ठेवून देतं. मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे, म्हणून सरळ कागद घेतला. हे तुला मध्येच तोडता येणार नाही.

गोष्ट नेटची आहे. माझा प्लॅन महिना सरायच्या आत संपायला लागला. आता मी एकटा माणूस कॉम्प्युटरवर करून करून काय करणार? हवामानाचे नकाशे बघतो, बुद्धिबळाचे दोन डाव हरतो, कधी तुझ्या आईच्या आवडीची भजनं लावतो. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, तुमच्याच मशीनमधून जातंय. म्हणजे माझ्या घरातून रोज काहीतरी बाहेर जातंय आणि मलाच त्याचा पत्ता नाही! जालन्याच्या बियाणे कंपनीत बी तपासण्यात माझी हयात गेली. पोत्यावर काय छापलंय यावर मी कधी भरवसा ठेवला नाही. दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, कोंब किती फुटले ते डोळ्यांनी बघायचं, मगच सही. मला झोप कशी लागावी?

बसस्टँडजवळ वसंताचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याला गाठलं. तो हसायलाच लागला. “काका, तुम्हाला हे कशाला लागून राह्यलं? मोठा प्लॅन घ्या न् मोकळे व्हा.” मी म्हटलं, मोकळं व्हायचं नाही, समजून घ्यायचंय. मग त्याने सांगितलं की नेटवर काय येतं-जातं ते दाखवणारे प्रोग्रॅम मिळतात, फुकट ते महागडे, सगळ्या तऱ्हांचे. झालं, मला उद्योग मिळाला.

कॉम्प्युटरमध्ये मुळातच हा हिशेब दाखवणारी एक खिडकी असते, पण तिच्यात कुठला प्रोग्रॅम कुठे पाठवतो ते कळेना. मग एक फुकटातला उतरवला. तो इंजिनियर लोकांचा निघाला, येणारा-जाणारा प्रत्येक तुकडा दाखवणारा. मोंढ्यात पोतं मोजायला सांगावं आणि हमालाने एकेक दाणा हातावर ठेवावा, तसा प्रकार. दुसरा दिसायला देखणा होता, रंगीत आलेख वगैरे, पण थोडे दिवस गोड बोलून वर्षाची वर्गणी मागायला लागला, तीही डॉलरमध्ये. तिसरा इतक्या जाहिराती आणायचा की नेट खाणारा हाच असावा असं वाटायला लागलं. मी प्रत्येकाची परीक्षा आपल्या पद्धतीने घेतली. ज्याचं वजन आधीच ठाऊक आहे असा एकच व्हिडिओ सगळ्यांसमोर लावायचा आणि कोण बराबर मोजतं ते बघायचं. शेवटी एक छोटासा, स्वस्तातला प्रोग्रॅम पास झाला. पैसे एकदाच, तेही परवडणारे. प्रोग्रॅमचं नाव, किती आलं, किती गेलं, आणि कुठल्या देशात गेलं त्याचा झेंडा, एवढंच तो दाखवतो. शहाण्याला एवढं पुरे आहे.

आणि त्यात चोर सापडला. नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, अर्थ काही नाही, आणि झेंडा सिंगापूरचा. येत काही नव्हतं, नुसतं जात होतं. सिंगापूरला माझं कोण आहे रे? बँकेचं काही जातंय म्हणावं तर खात्यात आहे काय, नेणाऱ्याचाच हिरमोड व्हायचा. वसंता मात्र घाबरला. “व्हायरस हाय काका. जल्दी बंद करून टाका, बिलकुल ठेवू नका.” त्या नावापुढे एक लाल बटण आहे, दाबलं की तो प्रोग्रॅम कायमचा तुटतो. मी त्यावर बोट ठेवलंही होतं. पण दाबलं असतं तर चोर पळाला असता आणि तो कोण होता हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. मी बोट काढून घेतलं.

मग लक्षात आलं, हे जाणं दिवसभर नसतं. सकाळी मी चहा घेऊन अंगणात बसतो तेव्हा असतं, आणि संध्याकाळी पुन्हा बसतो तेव्हा. आपल्या धंद्यात एक नियम आहे, बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची. मी खुर्ची बदलली. अंगणातून उचलली आणि मागच्या बाजूला शेवग्याखाली नेऊन ठेवली. अवधूत, काय सांगू तुला, त्या दिवशी प्रोग्रॅममधला आलेख वेड्यासारखा उड्या मारत होता. थोडं गेलं, थांबलं, परत गेलं, परत थांबलं. कुणीतरी दार उघडून डोकवावं, लोटावं, पुन्हा उघडावं तसं. दुसऱ्या दिवशीही मी मागेच बसलो, तर शेजारच्या कौसल्यावहिनी गरम धपाटे घेऊन थेट मागच्या दारी हजर. “बरे हायत ना भाऊ? दोन दिस झाले, अंगणात दिसून न्हाई राह्यले.” आता त्यांच्या घरातून आपलं अंगण दिसतच नाही, मध्ये त्यांची न्हाणी आहे. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाईला खोटं पचत नाही. “अवधूतनं फोन केल्ता,” म्हणाल्या, “पर सांगू नका म्हन्ला.”

खिडकीत तू बसवलेला, कॉम्प्युटरला वायरीने जोडलेला तो सुपारीएवढा कॅमेरा! मी काय गोदाम आहे का माझ्यावर राखण ठेवायला, म्हणून मी ओरडलो होतो, आणि तू जाताना म्हणालास, बंद केलाय. त्याचा दिवा विझलेला होता, मी मान्य केलं. आयुष्यात पहिल्यांदा पोत्यावर छापलेलं खरं धरलं आणि तिथेच फसलो. लबाडा, नुसता दिवा विझवून गेलास! कॅमेऱ्याच्या कंपनीचं मशीन सिंगापूरला आहे आणि तू फोनवर उघडलंस की चित्र तिथून फिरून पुण्याला येतं, हे मागाहून वसंताने शोधून सांगितलं. राग आला, भरपूर आला. मग धपाटा खाता खाता हसू फुटलं, आणि नंतर डोळे भरून आले, कशाला लपवू. फोनवर दोन शब्द बोलणारा माझा पोरगा रोज सकाळ-संध्याकाळ माझ्याबरोबर चहाला बसतो, आणि मी त्याला सिंगापूरचा चोर समजत होतो.

दिवाळीत बोललो ते मी मागे घेत नाही. मंठा सोडणार नाही. पण ते लाल बटणही दाबणार नाही. खुर्ची परत अंगणात आणलीय आणि वसंताचं ऐकून मोठा प्लॅन घेतलाय. आता खुशाल बघ.

हे सगळं लिहिण्याचं कारण आता सांगतो. पुढच्या सोमवारी जालन्याला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही असंच ठरवलं होतं. पण अंगणात खुर्ची रिकामी दिसली की तुझी कशी तारांबळ उडते ते मी आलेखावर पाहिलंय, पुन्हा बघवणार नाही. तेव्हा घाबरू नकोस. डॉक्टर किरकोळ आहे म्हणतात. किल्ली कौसल्यावहिनींकडे आहे. वसंताकडून मी तो कॅमेरा माझ्याही फोनवर जोडून घेतलाय. दवाखान्यात पडल्या पडल्या आपलं अंगण बघत असेन. आलास तर आधी घरी जा, चहा कर, आणि त्या खुर्चीत जरा वेळ बस. मला दिसशील.

तुझाच,
बाबा