तिसऱ्यांदा आलेली रेकॉर्ड

सातारा,
५ ऑगस्ट २०२५

प्रिय चारुताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पार्सल शनिवारी सुखरूप पोहोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याचं नवं काही नाही.

हे गेले त्या दिवशी सकाळी मी नळाचं पाणी भरलं, भांडी घासली, मूग उन्हात पसरले आणि भाकऱ्यांना बसले. आतून ह्यांनी हाक मारली, "अंजे, गुंडाची रेकॉर्ड परत द्यायची हाय. लय दिवस झालं."

मी म्हणाले, "आवं, गुंडाभावजी जाऊन चार वर्सं झाली की."

"तुला काय कळतंय. काल मंडईत भेटला मला. रेकॉर्ड कवा देतोस म्हनला."

हे थट्टेखोर होते, तुम्हाला सांगितलंच आहे. पलटणीत असताना साहेबालासुद्धा सोडलं नाही म्हणायचे. मी हसले आणि भाकरी उलटली. ती सकाळ मी तुम्हाला आजवर पुरती सांगितलेली नाही. आज सांगणार आहे, पण आधी आपल्या रेकॉर्डींचं बोलते.

मागच्या महिन्यात मी पाठवलेली ढोलकीची तुम्हाला आवडली, आनंद वाटला. "कोल्हापुरी चपलेसारखी आहे, आधी टोचते, मग सोडवत नाही," असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी एकटीच हसत बसले होते. मिरजेच्या जुन्या बाजारात आपल्या दोघींचा हात एकाच रेकॉर्डवर पडला, तेव्हाही तुम्ही असंच बोलला होता. "घ्या हो तुम्हीच, पण महिन्याच्या आत मला ऐकायला पाठवा. नाहीतर साताऱ्याला येऊन भांडेन." हे गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या रेकॉर्डींवरची नावं वाचता यावीत, कोण कुणाचा शिष्य ते कळावं, म्हणून मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचायची. मी सातवी शिकलेली बाई. तुम्ही तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. पण तुम्ही मला कधी शिकवायला बसला नाहीत. दर महिन्याला कोणालाच ठाऊक नसलेली एक रेकॉर्ड तुम्ही पाठवायची, एक मी. एकदा सुचवलेली पुन्हा सुचवायची नाही. हा नियमही तुमचाच.

शनिवारी पार्सल उघडलं तर आत 'माळावरची क्लॅरिनेट' होती. जत्रेच्या बँडमधल्या त्या वादकाची एकुलती एक रेकॉर्ड. सोबत तुमची चिठ्ठी, "अंजना, ही तुम्ही ऐकलेली नसणार. मलाही काल पहिल्यांदाच सापडली."

ताई, ही तुम्ही मला दिवाळीत पाठवली होती. मी ऐकून परत केली. होळीच्या सुमाराला पुन्हा आली, अशाच चिठ्ठीसह. मला वाटलं, चुकून आली असेल. तेव्हा मी तसं कळवलं, तर तुम्ही रागावलात. "मला माझ्या रेकॉर्डी कळत नाहीत का?" असं लिहिलंत. मी रेकॉर्ड ऐकून परत पाठवली. आता ही तिसरी खेप.

ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. वर्षानुवर्षं घरात असलेली रेकॉर्ड लावायचे आणि डोळे विस्फारून म्हणायचे, "अंजे, ह्ये ऐकलंस का? असलं कवा ऐकलं न्हवतं." मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. डॉक्टर हसले. "मावशी, चांगलं गाणं माणूस पुन्हा पुन्हा ऐकतोच की." मला डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही. पुन्हा ऐकणं वेगळं आणि पुन्हा पहिल्यांदा ऐकणं वेगळं. हे घरातल्या माणसालाच दिसतं.

त्या सकाळी भाकरी खाऊन हे निघाले, ते रेकॉर्ड काखेत मारून. मी मागे परसात होते. ह्यांच्या त्या दोस्ताचं, गुंडाभावजींचं गाव लोणंदच्या अलीकडे. तिथवर हे एसटीने गेले, हे नंतर कळलं. फाट्यावर उतरले आणि रस्ता सोडून उसात शिरले. पुरुषभर ऊस होता. आत गेल्यावर चारी बाजू सारख्याच दिसतात. दुपारनंतर पाऊस लागला. साचलेलं पाणी बाहेर काढायला गेलेल्या गड्याला हे सापडले, तेव्हा फार उशीर झाला होता. बांध तिथून हाकेच्या अंतरावर होता, ताई.

मी सगळ्यांना सांगितलं, रस्त्यात हृदय बंद पडलं. तुम्हालाही तेच सांगितलं. शेतकऱ्याच्या पोटचा, सैन्यात नकाशे वाचलेला माणूस उसात वाट चुकून गेला, हे तोंडातून निघेना.

तुम्ही गेल्या पत्रात गंमत म्हणून लिहिलंत की संध्याकाळी घाटावर गेला होता आणि घराकडची गल्लीच सापडेना. एका रिक्षावाल्याने तुम्हाला ओळखलं, "बाई, तुमी मला चौथीला शिकवलंय," म्हणाला आणि घरी सोडलं. गॅस चालू राहिला होता, तेही एका ओळीत लिहिलंत. आणि शेवटी, "अनीशला यातलं एक अक्षर कळवू नका. मुलगाच तो, मला पुण्याला नेईल, घराला कुलूप लावील. तुम्हाला माझी शपथ आहे."

तुमची ती शपथेची ओळ मी किती वेळा वाचली, काय सांगू. तुमच्या घराच्या खिडकीपासून कृष्णा किती जवळ आहे, ते मी पाहिलं आहे. सध्या वर महाबळेश्वराकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नदी चढते आहे. उद्या गल्लीत पाणी आलं आणि लोक घर सोडा म्हणाले, तर तुम्ही कुठल्या दिशेला चालू लागाल?

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवरचं तुम्ही विसराल. कागद पुन्हा वाचता येतो. राग आला तर पुन्हा वाचा. लोकांनी मला शहाणी म्हणावं म्हणून मी हे लिहीत नाही. मला दुसरी मैत्रीण नाही.

शनिवारी मी रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकल्या. तुम्ही म्हणता तशीच आहे, पहिल्यांदा ऐकावी अशी. मग दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनीशला फोन केला आणि त्याला सगळं सांगितलं.

शपथ मोडलेली, तरीही तुमचीच,
अंजना